चांगलं हॉस्पिस ओळखायचं कसं? एक जुनाच प्रश्न

गेल्या महिन्यात एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. माझ्या हाताखालून दहावी झालेली मुलगी, आता स्वतःच पन्नाशीला आलेली. इकडचं तिकडचं बोलणं झालं आणि मग म्हणाली, "बाई, एक विचारायचं होतं. सासऱ्यांच्या बाबतीत डॉक्टरांनी सांगून टाकलंय, आता उपचार नाहीत, फक्त सेवा. आम्ही दोघं नोकरीवाले. दोन हॉस्पिसं पाहून ठेवलीत. काकांच्या वेळी तुम्ही यातून गेला आहात. चांगलं कुठलं, हे ओळखायचं कसं?"

"दोन दिवसांनी सांगते," म्हणून मी फोन ठेवला. उत्तर अगदीच नव्हतं असं नाही, पण माझं उत्तर फार महागात मिळालेलं होतं. ते तसंच्या तसं तिच्या ओंजळीत टाकावं का, हे कळेना. शिवाय तीस वर्षं इतिहास शिकवल्यामुळे लागलेली एक खोड आहे. कुणी आजचा प्रश्न विचारला की माझी गाडी आधी मागे जाते. वर्गातली मुलं म्हणायची, बाईंना वेळ विचारली तर घड्याळाचा शोध कुणी लावला ते सांगतील!

तर मंडळी, या वेळीही तसंच झालं. दोन दिवस जुनी टिपणं आणि पुस्तकं उपसत बसले. त्यातून तिला जे सांगितलं, तेच इथे थोडं सविस्तर लिहिते आहे.

आधी मुळातली अडचण पाहू. शाळेचं एक बरं असतं. दहावीचा निकाल लागतो, टक्केवारी फलकावर लिहिली जाते आणि गावाला कळतं की शाळा कशी आहे. (त्या टक्केवारीत किती खरं असतं, हे आम्हा शिक्षकांना माहीत असतं, पण तो विषय वेगळा.) रुग्णालयांना असा फलक लावायला शिकवलं ते फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी. क्रिमियाच्या युद्धात, १८५४ ते १८५६ या काळात, स्कुतारीच्या लष्करी रुग्णालयात त्यांनी काम केलं. परत आल्यावर त्यांनी मृत्यूंचे आकडे मांडले, आकृत्या काढल्या. सैनिक लढाईतल्या जखमांपेक्षा घाणीमुळे आणि रोगांमुळे जास्त मेले, हे सरकारला दाखवून दिलं. प्रत्येक रुग्णालयाने दाखल किती, बरे किती, मृत किती हे एकाच पद्धतीने नोंदवावं, असा त्यांचा आग्रह होता. ज्या दवाखान्यात माणसं कमी मरतात तो चांगला, ही साधी फूटपट्टी तिथून आली.

हॉस्पिसला ही फूटपट्टी लागूच होत नाही. तिथे आलेला माणूस जाणारच असतो. सगळ्यांचा निकाल एकच. मग उत्तम हॉस्पिस आणि वाईट हॉस्पिस यांतला फरक कोणत्या फलकावर लिहायचा? ज्याला तो नीट सांगता आला असता, तो माणूस तर सांगायला मागे राहात नाही.

हॉस्पिस हा शब्द मूळचा लॅटिन. मध्ययुगात यात्रेकरूंना, थकल्याभागल्या प्रवाशांना उतरायला मठांतून सोय असे, ती 'हॉस्पिस'. आपल्याकडच्या धर्मशाळेसारखी. मरणासन्न माणसांसाठीचं घर हा अर्थ पुढे एकोणिसाव्या शतकात रूढ झाला. डब्लिनमध्ये आयरिश 'सिस्टर्स ऑफ चॅरिटी' या जोगिणींनी १८७९ साली असं घर सुरू केलं आणि त्याच पंथाने १९०५ साली लंडनच्या हॅकनी भागात सेंट जोसेफ्स हॉस्पिस काढलं. गरीब, क्षयाने आणि कर्करोगाने खंगलेली माणसं तिथे येत. स्वच्छ अंथरूण, पेज-पाणी, प्रार्थना आणि मायेचा हात तिथे मिळे. चांगलं हॉस्पिस कोणतं, असा प्रश्न त्या काळी कुणी विचारलाच नसता. धर्मकार्याला गुण द्यायचे नसतात, अशीच समजूत होती. मायेची कमतरता नव्हती, पण दुखण्यावर माया पुरी पडते का, हे कुणी मोजत नव्हतं.

ते मोजायला सुरुवात केली सिसिली सॉन्डर्स या बाईंनी. त्यांची गोष्ट मला फार आवडते, कारण त्या एका जन्मात तीनदा विद्यार्थिनी झाल्या. जन्म १९१८ चा. युद्धकाळात परिचारिकेचं शिक्षण घेतलं, तेही सेंट थॉमस रुग्णालयातल्या नाइटिंगेल यांच्याच शाळेत. पाठीच्या दुखण्यामुळे ते काम सोडावं लागलं, तेव्हा रुग्णालयात समाजसेविका झाल्या. तिथे त्यांना डेव्हिड तास्मा भेटला. वॉर्साहून आलेला पोलिश ज्यू, चाळिशीचा, लंडनमध्ये नात्याचं कुणी नाही, कर्करोगाने मरायला टेकलेला. १९४८ साली तो गेला, तेव्हा त्याने यांच्यासाठी पाचशे पौंड ठेवले होते. तुम्ही जे घर बांधाल त्यातली एक खिडकी माझी, असं त्याचं म्हणणं होतं.

घर उभं राहायला एकोणीस वर्षं लागली. मधल्या काळात सॉन्डर्सबाई बेजवॉटरच्या सेंट ल्यूक्स या घरात संध्याकाळी स्वयंसेविका म्हणून जात. तिथे त्यांनी एक साधीच गोष्ट पाहिली. इतर रुग्णालयांत वेदनेवरचं औषध 'लागेल तेव्हा' दिलं जाई. म्हणजे रुग्णाने आधी कळवळायचं, मग मागायचं, मग वाट पाहायची आणि मग इंजेक्शन मिळायचं. सवय लागेल या भीतीने तेही हात आखडून. सेंट ल्यूक्समध्ये मात्र मॉर्फिन तोंडाने आणि ठरावीक तासांनी, वेदना उसळायच्या आधीच दिलं जाई. माणसं शुद्धीत असत, बोलत, जेवत.

हे जगाला पटवायचं तर डॉक्टर व्हावं लागेल, असं एका शल्यचिकित्सकाने त्यांना सांगितलं. मग तेहतिसाव्या वर्षी त्या वैद्यकीय महाविद्यालयात गेल्या आणि १९५७ साली, वयाच्या अडतिसाव्या वर्षी डॉक्टर झाल्या. पुढच्या वर्षी हॅकनीच्या त्या सेंट जोसेफ्समध्ये दाखल झाल्या. तिथे प्रेम भरपूर होतं, पण रुग्णांच्या नीट नोंदी नव्हत्या. सॉन्डर्सबाईंनी प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवायला सुरुवात केली. काय दुखतं, केव्हा दुखतं, किती औषध दिलं, मग काय झालं. रुग्णांचं बोलणं त्यांनी ध्वनिमुद्रित करून ठेवलं. अशा शेकडो रुग्णांच्या नोंदींतून त्यांनी दाखवलं की वेळेवर दिलेल्या मॉर्फिनने माणूस गुंगीत पडून राहात नाही आणि डोस भरमसाट वाढवतही न्यावा लागत नाही. ऐकता ऐकताच त्यांना आणखी एक कळलं, की वेदना एकट्या शरीराची नसते. मुलीचं लग्न राहिलंय, भाडं थकलंय, देव रागावलाय का, हेही दुखतं. या सगळ्याला मिळून त्यांनी नाव दिलं 'संपूर्ण वेदना'. १९६७ साली लंडनच्या सिडनहॅम भागात त्यांचं सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उघडलं. डेव्हिडची खिडकी तिथे आहे. आणि २००५ साली सॉन्डर्सबाईंनी शेवटचा श्वास घेतला तोही त्याच घरात. संस्थाचालकाने स्वतःच्या नातवाला स्वतःच्याच शाळेत घालावं, तसं हे मला वाटतं!

इथे एक गोष्ट लक्षात ठेवायची. बाईंची पहिली फूटपट्टी म्हणजे रुग्णाच्या उशाशी बसून विचारलेला प्रश्न. नोंदवही त्यानंतर आली.

याच सुमारास अमेरिकेत एक गृहस्थ याच प्रश्नाकडे वेगळ्या बाजूने येत होते. अवेदिस डोनाबेदियन, बैरूतमध्ये जन्मलेले आर्मेनियन वंशाचे डॉक्टर. १९६६ साली त्यांनी वैद्यकीय सेवेचा दर्जा कसा तपासावा यावर एक लेख लिहिला. दर्जा तीन ठिकाणी पाहायचा, असं ते म्हणतात. एक, साधनं: इमारत, खाटा, माणसं, औषधं. दोन, कामाची रीत: कोण काय करतं, केव्हा करतं. तीन, परिणाम: रुग्णाचं शेवटी काय झालं. आज जगभरच्या तपासणीच्या तक्त्यांमागे ही तीन खणांची पेटी आहे. हॉस्पिसच्या बाबतीत तिसऱ्या खणात 'बरा झाला' असं काही लिहिता येत नाही. तिथे लिहायचं ते एवढंच की दुखणं हटलं का, श्वास सुखाने आला का, भीती कमी झाली का. आणि हे सांगणार तो रुग्णच.

अमेरिकेतलं पहिलं आधुनिक हॉस्पिस कनेक्टिकटमध्ये १९७४ साली सुरू झालं. सुरुवातीला सगळा कारभार धर्मादाय संस्थांचा आणि स्वयंसेवकांचा होता. मग १९८२ साली तिथल्या सरकारने वृद्धांच्या आरोग्यविम्यातून हॉस्पिसला पैसे द्यायचं ठरवलं. अट अशी, की आजार नेहमीच्या चालीने गेला तर रुग्ण सहा महिन्यांपेक्षा जास्त जगणार नाही, असं डॉक्टरांनी लिहून द्यायचं. पैसे मिळायचे दिवसाच्या हिशोबाने, त्या दिवशी परिचारिका दोनदा आली का एकदाही आली नाही, यावर ते फारसे अवलंबून नसत. योजनेने लाखो कुटुंबांचं भलं केलं यात शंका नाही. पण कमीत कमी फेऱ्या घालून जास्तीत जास्त दिवस बिल लावता येतं, हेही लोकांच्या लक्षात आलं. आज तिथली बहुतेक हॉस्पिसं नफ्यासाठी चालणारी आहेत. २०१९ साली तिथल्या सरकारी तपास यंत्रणेने अहवाल दिला, की २०१२ ते २०१६ या पाच वर्षांत तपासलेल्यांपैकी ८० टक्क्यांहून जास्त हॉस्पिसांत निदान एक तरी उणीव सापडली.

२०१५ पासून तिथे आणखी एक सोय झाली. रुग्ण गेल्यानंतर दोन-तीन महिन्यांनी घरच्यांना प्रश्नावली पाठवतात. मदत हवी तेव्हा लगेच मिळाली का? रात्री, सुट्टीच्या दिवशी मिळाली का? दुखण्यावर पुरेसा इलाज झाला का? तुमचं म्हणणं नीट ऐकून घेतलं का? प्रश्न चांगले आहेत. परीक्षेला बसलेला निघून गेला, म्हणून पालकांनी गुण भरायचे असा हा प्रकार. पण पालकांचे गुण किती खरे असतात? हे मी स्वतःवरून सांगू शकते.

आता ते सांगावंच लागेल.

२०१२ साली ह्यांचा प्रोस्टेटचा कर्करोग हाडांत पसरला. घरी दोन महिने काढले, मग आवरेना. एका ओळखीच्यांनी एक ठिकाण सुचवलं. (या लेखात ज्या संस्थांची नावं येतील त्यांपैकी ते नव्हे, आणि त्याचं नाव मी लिहिणारही नाही.) मी पाहायला गेले. लखलखीत फरशी, दारात तुळस, भिंतीवर संतांची चित्रं, मंद आवाजात भजन. कार्यालयातल्या बाईंनी छापील माहितीपत्रक दिलं, प्रत्येक रुग्णाची वेगळी फाइल दाखवली. दर चार तासांनी वेदनेची नोंद, शून्य ते दहा आकड्यांत. मी खूश झाले. म्हटलं, किती शिस्तीचं काम आहे.

ह्यांना तिथे ठेवलं. मला रात्री राहायची परवानगी नव्हती. सकाळी जायची तेव्हा हे थकलेले, गप्प असायचे. विचारलं की म्हणायचे, "ठीक आहे." आठव्या दिवशी मी हट्टाने रात्री थांबले. दीड वाजता ह्यांना कळ आली. मांडी धरून ओठ चावत होते. मी धावत जाऊन परिचारिकेला उठवलं. ती मुलगी वाईट नव्हती. मजल्यावर एकटी होती आणि झोपेने मेली होती. म्हणाली, "काका, सहाला डोस आहे. तोवर जरा झोपा." सहा वाजेपर्यंतचे साडेचार तास मी कधी विसरणार नाही. सकाळी मोठ्या बाई आल्या, फाइल पाहिली आणि म्हणाल्या, "रात्र शांत गेलेली दिसतेय." मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे हळूच म्हणाले, "अगं, शांत म्हणजे मी गप्प होतो."

नवव्या दिवशी मी ह्यांना हलवलं. निघताना फाइलची प्रत मिळाली. घरी येऊन उघडली. रात्रीच्या प्रत्येक नोंदीत वेदनेच्या खणात 'दोन'. सगळ्याच्या सगळ्या रात्री. एकाच शाईने, एकाच बसणीत लिहिलेले दोन.

आणि मंडळी, मला ते अक्षर लगेच ओळखू आलं. म्हणजे कुणाचं ते नाही, कसलं ते. ती टाचणवही होती! शिक्षण विस्तार अधिकारी उद्या तपासणीला येणार म्हटल्यावर आदल्या रात्री महिनाभराची टाचणं आम्ही अशीच लिहून काढायचो. एका बसणीत, एका शाईने. 'उद्दिष्ट साध्य झाले', 'विद्यार्थ्यांनी रस घेतला'. शेरेबुकात छान शेरा मिळायचा. मागच्या बाकावरच्या पोराला पानिपत कळलं की नाही, हे त्या वहीत कुठेच नसायचं. मी ते तीस वर्षं केलं आहे. म्हणून त्या मुलीवर राग धरायचा मला फारसा अधिकार नाही.

पुढचं त्याहून लाजिरवाणं आहे. निघताना समोर अभिप्रायाची वही आली. मी लिहिलं, 'सेवा उत्तम. सर्वांचे आभार.' खाली सही केली. का लिहिलं? सगळे समोर उभे होते, ह्यांना गाडीत घालायला दोन माणसं मदत करत होती, वाईट कसं लिहायचं? माझ्यानंतर तिथे ज्यांनी आपलं माणूस ठेवलं असेल, त्यांतल्या कुणी तरी ती वही चाळली असेल. ते मनातून जात नाही.

ही एका घरची गोष्ट झाली, पण अख्ख्या देशाच्या पातळीवरही हेच घडू शकतं. इंग्लंडमध्ये ते घडलं आहे. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात लिव्हरपूलमध्ये काही कळकळीच्या लोकांनी विचार केला की हॉस्पिसमध्ये जी चांगली सेवा मिळते ती साध्या रुग्णालयात मरणाऱ्यांनाही मिळावी. त्यासाठी शेवटच्या दिवसांत काय काय पाहायचं याची एक यादी केली, 'लिव्हरपूल केअर पाथवे' या नावाची. नको असलेली औषधं थांबवली का, दुखण्यावर औषध लिहून ठेवलं का, घरच्यांशी बोलणं झालं का, असे खण. यादी उत्तमच होती. ती देशभर गेली. मग ती किती रुग्णांना लावली यावर रुग्णालयांना जादा पैसे मिळू लागले. आणि तक्रारी यायला लागल्या. आमच्या आईला मरणाच्या यादीत घातलं हे आम्हाला सांगितलंच नाही, पाणी मागत होती तरी दिलं नाही, कुणी येऊन पाहिलंही नाही. सरकारने ज्युलिया न्यूबर्गर यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी नेमली. जुलै २०१३ च्या त्यांच्या अहवालात म्हटलं होतं, की जिथे शिकलेल्या माणसांनी नीट वापरली तिथे या पद्धतीने चांगलं मरण आलं, पण अनेक ठिकाणी ती नुसती खुणा करायची यादी झाली. वर्षभरात ती बंद करण्यात आली.

सॉन्डर्सबाईंच्याच देशात, त्यांच्याच विचारातून निघालेली गोष्ट अशी झाली. उशाशी बसून विचारायचा प्रश्न कागदावर आला, आणि कागद भरला की विचारायची गरज उरली नाही.

आता आपल्याकडे येऊ. भारतातलं पहिलं हॉस्पिस आपल्या मुंबईत, वांद्र्याला १९८६ साली सुरू झालं. टाटा रुग्णालयातले कर्करोगाचे शल्यचिकित्सक डॉ. एल. जे. डिसूझा यांनी स्थापलेलं शांती अवेदना. पुढे गोव्यात आणि दिल्लीतही त्यांची केंद्रं निघाली. १९९७ साली पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र सुरू झालं. पण मुंबईचं हॉस्पिस उघडण्याच्या एकच वर्ष आधी, १९८५ साली, अमली पदार्थांविरुद्धचा कडक कायदा आला होता. चोरांसाठी केलेल्या त्या कायद्याने डॉक्टरांनाही धाक बसला. मॉर्फिन ठेवायचं तर निरनिराळ्या खात्यांचे अनेक परवाने, तेही एकाच वेळी वैध असायला हवेत. रुग्णालयांनी ते ठेवणंच सोडलं. १९९७ सालापर्यंत सबंध देशाचा वर्षाचा मॉर्फिनचा वापर सुमारे १८ किलोवर उतरला होता. आणि गंमत पाहा (गंमत कसली!), मंदसौर-नीमचच्या शेतांत सरकारी परवान्याने अफू पिकत होती, जगाला औषधासाठी पाठवली जात होती. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि एका मान्यतेवर संस्थांना मॉर्फिन ठेवता येऊ लागलं.

दरम्यान केरळने वेगळी वाट काढली. १९९३ साली कोळिकोडच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेदनाशमनाचं काम सुरू केलं. पुढे ते गल्लीगल्लीत गेलं. शेजारपाजारचे लोक थोडे पैसे आणि थोडा वेळ देतात, शिकून घेतात, परिचारिकेबरोबर घरोघर जातात. २००८ साली राज्याने त्याचं धोरणच केलं. २०१० साली 'इकॉनॉमिस्ट'च्या संशोधन विभागाने मरणाच्या दर्जावर ४० देशांची क्रमवारी लावली, तिच्यात भारत चाळिसावा, म्हणजे शेवटचा होता. ब्रिटन पहिला. पण त्याच अहवालात केरळचं कौतुक होतं. २०१५ च्या यादीत आपण ८० देशांत ६७ वे आलो. केरळातल्या या कामाला बहुतेक ठिकाणी इमारतच नाही. डोनाबेदियन यांच्या पहिल्या खणात त्याला कमीच गुण पडतील. तिसऱ्या खणात मात्र पुष्कळ.

डोनाबेदियन यांच्याबद्दल एक सांगायचं राहिलं. दर्जा मोजायची विद्या ज्यांनी जगाला दिली, ते २००० साली गेले, तेही प्रोस्टेटच्या कर्करोगाने. हे वाचलं तेव्हा मी दचकले. जाण्याच्या थोडं आधी दिलेल्या मुलाखतीत त्यांनी रुग्ण म्हणून आलेले अनुभव सांगितले आणि शेवटी असं म्हणाले, की दर्जाचं रहस्य प्रेमात आहे. प्रेम असेल तर मागे वळून यंत्रणा तपासता येते, सुधारता येते. आयुष्यभर खण आखलेल्या माणसाचं हे म्हणणं आहे, म्हणून मला त्याची किंमत वाटते. मात्र नुसतं प्रेम पुरत नाही, हे सॉन्डर्सबाईंनी आधीच दाखवलं होतं. नोंद हवी, औषध हवं, आणि ती नोंद खरी असायला रुग्णाला खरोखर विचारणारं कुणी हवं.

ह्यांना आम्ही ज्या दुसऱ्या ठिकाणी नेलं तिथली फरशी जुनी होती, भिंतीला पोपडे आले होते. पहिल्या रात्री परिचारिकेने स्टूल ओढलं, ह्यांच्याजवळ बसली आणि विचारलं, "काका, काल रात्री सगळ्यात जास्त केव्हा दुखलं?" किती दुखलं नव्हे, केव्हा. मग वहीत लिहिलं, डॉक्टरांना फोन लावला आणि रात्रीचा डोस बदलला. तासाभराने परत आली, लागू पडलं का ते विचारायला. ह्यांचे शेवटचे सतरा दिवस तिथे गेले. त्यांतल्या बऱ्याच संध्याकाळी हे रेडिओ ऐकत, आणि एकदा माझ्याशी भांडलेही. भांडायची ताकद आली म्हणून मी बाहेर जाऊन रडले होते.

तर त्या मुलीला मी हे सांगितलं. फरशी बघ, पण तिच्यावर जाऊ नकोस. रात्री नऊनंतर जा, शक्य असेल तर न सांगता. रात्री किती रुग्णांमागे किती परिचारिका असतात ते विचार. मॉर्फिनची मान्यता आहे का, आणि गोळ्या आज कपाटात शिल्लक आहेत का, हे विचार. ठरल्या वेळेआधी कळ आली तर द्यायचा जादा डोस डॉक्टर आधीच लिहून ठेवतात का, तो द्यायला कुणाची परवानगी लागते, हे विचार. नातेवाइकाला रात्री राहू देतात का? आणि एखादी नोंदवही दाखवली, तर आकडे वरखाली होतात का बघ. खऱ्या माणसाचं दुखणं रोज सारखं नसतं. अभिप्रायाची वही मात्र चाळू नकोस. तिच्यात माझ्यासारख्यांनी लिहिलेलं असतं.

आठवड्याने तिचा फोन आला. एका ठिकाणी रात्री दारच उघडलं नाही. दुसरीकडे उघडलं, आतल्या मावशींनी आधी बसायला खुर्ची दिली आणि म्हणाल्या, "सिस्टर एका आजोबांजवळ बसल्यात, दहा मिनिटं थांबा." ती वीस मिनिटं थांबली आणि तिथेच ठरवून आली.

सासरे आता तिथे आहेत. परवा त्यांनी पिठलं मागितलं. दोनच घास खाल्ले म्हणे, आणि मीठ कमी आहे म्हणून कुरकुर केली.

पहिल्या ठिकाणच्या त्या वहीत माझी सही अजून असेल. या वयात प्रवास झेपत नाही, पण पत्र लिहिता येतं. तेरा वर्षं उशिरा का होईना, खरा अभिप्राय लिहून पाठवायचा असं ठरवलं आहे. मोठ्या बाईंच्या नावे लिहीन. त्या रात्रीच्या मुलीबद्दल त्यात एक वाक्य वेगळं असेल, की तिला मजल्यावर एकटीला ठेवू नका.